माहेरी गेलेल्यांचा रकाना

माझ्या पदाचं नाव इतकं लांब आहे की ते पूर्ण सांगून होईपर्यंत पांढुर्ण्यातला माणूस संत्र्याच्या भावाकडे वळलेला असतो. मातांच्या आरोग्यात समता यावी म्हणून संशोधन करायचं, त्यातून निघेल ते सरकारच्या कानावर घालायचं आणि सरकारने ते ऐकेपर्यंत पाठपुरावा करत राहायचं, अशा एका प्रकल्पाची मी व्यवस्थापक. आईने त्याचं सोपं करून ठेवलंय. शेजारणीने विचारलं की ती सांगते, "बाळंतिणींच्या याद्या करते." याहून नेमकी व्याख्या मला आजवर कुठल्याही प्रस्तावात सापडलेली नाही.

आमचं ऑफिस म्हणजे खत-बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून कीटकनाशकाचा वास वर यायचा आणि वर आम्ही खिडक्या लावून गरोदर बायकांच्या आरोग्याची चिंता करायचो. पाहणीची रीत साधी होती. मध्य प्रदेशच्या टोकाला, पांढुर्णा आणि सौसरकडच्या काही गावांतल्या प्रत्येक गरोदर बाईला तीनदा भेटायचं. सुरुवातीला, मध्ये आणि नववा लागला की. पहिल्या दोन भेटी बिनबोभाट व्हायच्या. तिसऱ्या भेटीला बाई घरी नसायची. पाहणीवरच्या मुली टॅबवर 'उपलब्ध नाही' दाबायच्या, आणि टॅबमधलं शहाणं सॉफ्टवेअर आपल्या मनाने त्याचं 'संपर्क तुटला' करायचं. दिल्लीला पोचेपर्यंत त्याचं आणखी एक बारसं होऊन जायचं. तिथल्या तक्त्यात त्या 'हरवलेल्या स्त्रिया' होत्या.

दिल्लीला आमचे एक सर बसायचे. विद्वान माणूस. आमच्या भागात ते एकदाच आले होते, तेही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी जाम नदीच्या काठावर, गोटमारीच्या जत्रेत, पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना दगड मारत असतात आणि झाडून सगळ्या ॲम्ब्युलन्स तिथेच उभ्या असतात, असं मी त्यांना आधी कळवलं होतं. ते ऐकून तर ते आणखी उत्साहाने आले.

तर सरांनी पडद्यावर मीटिंग बोलावली. तक्ता समोर ठेवला आणि अर्धा तास समजावून सांगितलं की या भागातली ग्रामीण स्त्री शेवटच्या टप्प्यात आरोग्यव्यवस्थेकडे पाठ फिरवते. हा अविश्वास आहे. याची मुळं संस्कृतीत खोलवर गेलेली आहेत. यावर स्वतंत्र निबंध व्हायला हवा. पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतली डोकी हलली. माझंही हललं.

हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मी स्वतः सातव्या महिन्यात ओटी भरल्यावर सौसरच्या सासरहून पांढुर्ण्याला आईकडे आले होते आणि सव्वा महिन्याची लेक कुशीत घेऊनच परत गेले होते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. हे सांगायला संशोधन लागत नाही, कुठल्याही घराच्या ओट्यावर दहा मिनिटं बसलं तरी कळतं. पण त्या दिवशी मला हे सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलंही असेल. पण सरांचे इंग्रजी शब्द इतके ऐटदार होते की त्यांच्यासमोर आईचं घर फार बुटकं वाटलं. मी वहीत 'अविश्वास' लिहून त्याच्याभोवती गोल काढला.

मग अविश्वासाची कारणं शोधायला मलाच पाठवण्यात आलं. सोबत छापील प्रश्नावली होती. पहिलाच प्रश्न होता, 'आरोग्यव्यवस्थेशी असलेल्या आपल्या नात्याचं वर्णन आपण कसं कराल?'

बोरगावच्या पुढे एका गावात आमची आशाताई होती. पन्नाशीची, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. सरकारच्या लेखी ती आरोग्याची स्वयंसेविका, म्हणजे काम सगळं तिचं आणि खुर्ची दुसऱ्या कुणाची. कार्तिक महिना होता, गावात कापसाची वेचणी चालू होती. आम्ही यादीतल्या पहिल्या घरी गेलो. सासू अंगणात कापसाच्या ढिगाजवळ बसून कचरा काढत होती.

"काकू, सून कुठे आहे?" मी विचारलं.

"माहेरी गेली ना बाप्पा."

मी यादी पाहिली. "आमच्याकडे ती हरवली म्हणून लिहिलंय."

सासूच्या हातातला कापूस हातातच राहिला. "हरवली? कोन हरवली वं? सातवा लागला, ओटी भरली, भाऊ आला न् घेऊन गेला. माह्या डोयासमोर मोटारसायकलवर बसली पोट्टी. कायची हरवली!" मग तिने आशाताईकडे पाहून हळूच विचारलं, "ह्या मॅडम कुठल्या व्हय?"

"पांढुर्ण्याच्याच हायेत," आशाताई म्हणाली. तिच्या आवाजात माझ्याबद्दल थोडी कीव होती.

दुसऱ्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरी कुलूप होतं, पण शेजारणीने भिंतीवरून ओरडून सांगितलं, "माहेरी गेली, नरखेडकडं!" आमची प्रश्नावली पिशवीतून बाहेरच आली नाही. बाहेर निघाल्यावर आशाताई हसायला लागली.

"मॅडम, तुमी मले विचारलं असतं त मी फोनवरच सांगतलं असतं ना. उन्हात यादी घेऊन काऊन फिरून राहिल्या?"

तिच्या घरी चहा झाला आणि तिने पिशवीतून एक शाळकरी वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. प्रत्येक गरोदर बाईचं नाव, माहेरचं गाव, भावाचा किंवा बापाचा फोन नंबर, कधी गेली, रक्त किती, बीपी किती, पोराला लस कधी, सगळं तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं. बहुतेक माहेरं सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली. आमच्याकडे निम्मी सोयरीक तिकडेच होते. राज्याची हद्द मधून जाते हे फक्त बसचं तिकीट काढताना लक्षात येतं.

"हे रजिस्टरात का नाही लिहीत?" मी विचारलं.

"रजिस्टरात जागा कुठी हाये? पता एकच लिवा म्हणते. बाईचे त दोन पते रायते ना, मॅडम. म्हणून मी घरी लिवते."

दिल्लीच्या तक्त्यात हरवलेल्या या गावच्या सगळ्या बायका त्या वहीत पत्त्यासकट बसलेल्या होत्या. मी मांडी घालून वही उतरवायला घेतली. एका नावाखाली लाल पेनाने दोन रेघा होत्या. आशाताईने त्या नावावर बोट ठेवलं.

"हिची काळजी लागून राहिली. बीपी वाढलेलं होतं, गोया देऊन पाठवली. चार दिवस झाले, फोनच नाई तिचा."

तिने तिथेच भावाला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"बरी हाये ताई," भाऊ म्हणाला. "थोडं डोकं दुखते म्हणते. तोंड सुजलं, पन माय म्हणते दिवस भरत आले का सुजतेच."

"गोया घेऊन राहिली का?"

"गोया त संपल्या. इथल्या दवाखान्यात नेली होती. ते म्हणते, एमपीचं कार्ड हाये, इथलं नवीन काढा. फोटो नव्हते आमच्याजवळ. सोमवारी जातो."

त्या दिवशी गुरुवार होता. आशाताईने फोन ठेवला आणि पायात चप्पल घालायला सुरुवात केली. मी प्रकल्पाच्या गाडीवरच्या ड्रायव्हर भाऊंना म्हटलं, चला. ते जागचे हलले नाहीत.

"मॅडम, गाडी एमपीच्या बाहेर न्यायची नाही ना. नियम लिहून दिलाय ऑफिसनं."

लिहून दिला होता खरा. मीच लिहिला होता. 'लेखी पूर्वपरवानगीशिवाय प्रकल्पाचे वाहन राज्याबाहेर नेऊ नये.' वाक्यरचनेबद्दल तेव्हा माझं कौतुकही झालं होतं. मी दिल्लीला फोन लावला. सर मीटिंगमध्ये होते. मीटिंगचा विषय, त्यांच्या सहायकाने सांगितलं, मातांच्या बाबतीत वेळेवर निर्णय घेण्यात होणारा विलंब. मी संदेश ठेवला आणि उत्तराची वाट पाहत अंगणात उभी राहिले. पाच मिनिटं असतील, पण मला ती अजून आठवतात. मी खरंच उभी राहिले होते.

"तुमी परवानगी मांगत बसा," आशाताई म्हणाली. "मी बसनं निंगते."

ती फाटकाबाहेर पडल्यावर मला माझाच राग आला. मी ड्रायव्हर भाऊंना म्हटलं, जे होईल ते माझ्या नावावर, आणि आम्ही तिला रस्त्यातून गाडीत घेतलं. तासाभराच्या आत आम्ही सीमेपलीकडच्या त्या गावात होतो.

पोरगी ओसरीत खाटेवर बसली होती. वीस-बावीस वर्षांची. पाय सुजून चकचकीत झालेले, चेहरा ओळखू येऊ नये असा. आई कौतुकाने तिच्या हातात लाडू देत होती. आशाताईला पाहून पोरगी हसली आणि म्हणाली, "ताई, डोयासमोर चांदण्या चमकून राहिल्या."

गाडीत आमचं बीपीचं यंत्र होतं. ते फक्त माहिती गोळा करण्यासाठी वापरावं, त्यावरून सल्ला देऊ नये, असंही एक कलम आहे. तेही बहुधा मीच लिहिलं असेल. आकडा पाहून आशाताईने पोरीच्या हातातला लाडू काढून आईच्या हातात दिला आणि पोरीला म्हणाली, "उठ माय, जाऊ आपण."

सरकारी दवाखान्याच्या खिडकीतल्या माणसाने कार्ड उलटसुलट पाहिलं. "हे तिकडचं आहे. इथं चालत नाही. आधार, दोन फोटो, पत्ता इथला लागेल."

"इथलीच लेक हाये ना भाऊ," पोरीची आई म्हणाली. "याच दवाखान्यात जलमली."

"पण लग्न तिकडं झालं ना?"

मी माझं व्यावसायिक हत्यार काढलं. प्रत्येक मातेचा हक्क, सेवेचं सातत्य, आंतरराज्य समन्वय असं बरंच काही बोलले. त्याने माझ्याकडे विमा विकायला आलेल्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं आणि जेवणाची सुट्टी किती वाजता आहे ते सांगितलं.

माझं भाषण चालू असतानाच आशाताई खिडकी सोडून सरळ आत गेली होती. मी मागे गेले तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात एका वयस्कर सिस्टरसमोर तिने ती वही उघडून धरली होती. सिस्टरने चष्मा नाकावर घेतला, लाल रेघांखालचे आकडे वरून खाली वाचले, मग मान वर करून दारातल्या पोरीचा चेहरा पाहिला.

"हिला आधी आत घ्या," ती म्हणाली. "कागद मागून."

मग धावपळ झाली. इंजेक्शन, सलाइन, डॉक्टर. आम्हाला बाहेर बसवलं. पोरीची आई सारखी एकच गोष्ट सांगत होती, की सूज तर सगळ्यांनाच येते, तिला स्वतःला पण आली होती. मी तिचा हात धरून बसले. मला त्या वेळी सरांचा तक्ता आठवत होता. या पोरीला झटका आला असता, काही वेडंवाकडं झालं असतं, तर आमच्या टॅबमध्ये ती 'संपर्क तुटला' हीच राहिली असती, आणि अविश्वासावरच्या निबंधात एका आकड्याने भर पडली असती. मी वहीत त्याच्याभोवतीही गोल काढला असता.

दोन दिवसांनी ऑपरेशन करून मुलगी झाली. लहानखुरी होती, काही दिवस पेटीत ठेवावी लागली. दोघी नीट घरी आल्या. आम्ही तिला वाचवलं असं म्हणायला मला आवडेल, आमच्या वार्षिक अहवालात तसं म्हटलंही आहे. वाचवलं त्या सिस्टरने आणि डॉक्टरने. आम्ही गाडी दिली, तीही पाच मिनिटं उशिरा.

परत आल्यावर पहिलं काम म्हणजे वाहन राज्याबाहेर का नेलं याचा लेखी खुलासा. मी लिहिला, 'हरवलेली स्त्री शोधण्यासाठी.' मंजूर झाला.

त्यानंतर धोरणाचं काम सुरू झालं. माझ्या मागण्या दोन ओळींच्या होत्या. एक, गरोदर बाईच्या नोंदवहीत माहेरचा पत्ता आणि फोन लिहायला एक रकाना द्या. दोन, सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांचं कार्ड मानावं. दिल्लीने त्या दोन ओळींची चकचकीत कागदावर पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर राजस्थानी घुंघट घेतलेल्या एका बाईचं छायाचित्र होतं. आमच्याकडे कुणी तसा घुंघट घेत नाही हे मी कळवलं. छपाई झाली होती.

पुस्तिका द्यायला पांढुर्ण्यात सभा ठेवली. गावाचा जिल्हा झाल्यापासून आमच्याकडे सभागृह मोकळं मिळणं अवघड झालंय, तरी मिळालं. भोपाळहून एक मोठे अधिकारी येणार होते. ते दोन तास उशिरा आले, कारण आधी जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेतलं. मारुतीबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त कार्यक्रमपत्रिकेत त्या दोन तासांची नोंद 'क्षेत्रभेट' अशी झाली, एवढंच.

सरांचं भाषण झालं, जेवण झालं, आणि जेवणानंतर, जेव्हा अर्धी सभा पेंगत असते, तेव्हा आशाताईला तीन मिनिटं दिली होती. पत्रिकेत तिचं वर्णन 'समुदायाचा आवाज' असं होतं. पण ती उभी राहायच्या आतच अधिकाऱ्यांनी माइक घेतला.

"देखिए, ये दो राज्यों का मामला है. इतना आसान नहीं. आप लोग महिलाओं को समझाइए कि डिलीवरी ससुराल में ही कराएँ. प्रॉब्लम ही खतम."

समोरच्या रांगेतल्या माना हलल्या. त्या माना मला ओळखीच्या वाटल्या. आशाताई उभी राहिली. माइक तिच्यापर्यंत पोचला नव्हता, पण तिला त्याची गरज नव्हती.

"साहेब, एक बात पुछू? आपकी मॅडम पहली डिलीवरी के टाइम कहाँ थी?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच तिला शिकवून आणलंय. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मायके," ते म्हणाले.

"तो आपने समझाया नहीं क्या?"

मागच्या रांगेत बसलेल्या गावोगावच्या साऱ्या आशाताया आधी हसल्या. मग सिस्टर लोक हसले. मग, त्यांचं कौतुक म्हणून सांगते, अधिकारीही हसले आणि बराच वेळ हसत राहिले. "आप लोग जो बोलें," ते म्हणाले, "हमारी सास से तो कोई नहीं जीत सकता." त्यांनी पुस्तिका बाजूला ठेवली, माझ्याकडून दोन ओळींचा कागद मागून घेतला आणि खिशात घातला. त्या वेळी मी ठरवलं की यापुढे पुस्तिका काढायचीच नाही. अर्थात पुढच्याच वर्षी आणखी जाड काढली.

रकाना आला. यायला दीड वर्ष लागलं, पण आमच्या भागात वाटलेल्या नव्या नोंदवह्यांमध्ये 'मायका' असं छापून आलं. रकाना करंगळीएवढा अरुंद आहे, गावाचं नाव लिहिलं की फोन नंबर खालच्या बाईच्या ओळीत उतरतो. तरी आला. कार्डाचं प्रकरण दोन्हीकडे विचाराधीन आहे. विचार खोलवर चालू असावा, कारण तेव्हापासून तो वर आलेला नाही.

सरांचा निबंधही आला. अविश्वास त्यांनी काढून टाकला. आता त्यात या भागातल्या स्त्रियांच्या प्रसूतिपूर्व गतिशीलतेचा शोध त्यांनी लावलेला आहे. शेवटी 'स्थानिक माहितगारां'चे आभार आहेत. मी आशाताईला तो वाचून दाखवला.

"त्याच्यात माहं नाव हाये का?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं झालं बाप्पा. नाई त त्याचंबी एक रजिस्टर भरा लागलं असतं."

तिला खरंच वाईट वाटलं नाही की तिने तसं दाखवलं नाही, ते मला अजून कळलेलं नाही. मला मात्र वाटलं, आणि मी सरांना तसं पत्र लिहिलं. मुद्दा महत्त्वाचा आहे आणि पुढच्या निबंधात विचार करू, असं सौजन्यपूर्ण उत्तर आलं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र कुणाच्या परवानगीशिवाय चालू झाली. त्या दिवशी वॉर्डातून निघताना आशाताईने पलीकडच्या सिस्टरचा नंबर घेतला होता. आता इकडची पोरगी माहेरी निघाली की ही तिला फोन करते, आणि तिकडची बाळंतीण बाळ घेऊन सासरी निघाली की ती हिला करते. कार्ड चालत नाही, पण फोन चालतो. आसपासच्या दोन गावांतल्या आशातायाही आता सिस्टरला थेट फोन करतात. सिस्टर वैतागते म्हणे, पण उचलते.

हे मी प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्याच्या अर्जात लिहिलं. सरांना ते फार आवडलं. इतर सीमाभागांत हे 'मॉडेल' नेता येईल का, असं त्यांनी विचारलं आणि एक फॉर्म पाठवला. फॉर्म भरायला मी आशाताईच्या घरी गेले तेव्हा ती फोनवरच होती.

"हो, उद्या निंगून राहिली तिकडं. पहिलटकरीन हाये, रक्त कमी हाये. भाऊ घेऊन येते. हो हो, सांगतलं त्याले, मोटारसायकलवर नको म्हणून."

तिने फोन ठेवल्यावर मी फॉर्म काढला. 'आंतरराज्य समन्वय यंत्रणेचे नाव' अशी एक ओळ होती. काय लिहू म्हणून मी तिला विचारलं.

"लिवा ना, 'सिस्टर' म्हणून."

मी तेच लिहिलं. आठवड्याने फॉर्म दिल्लीहून परत आला, संपूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक हवा म्हणून.